ब्रेस देताय ना? मग आतल्या अस्तराचंही ऑर्डरमध्ये लिहा

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यात दिव्यांगांसाठी कॅलिपर-ब्रेस वाटपाची शिबिरे भरवणारी मंडळे, ट्रस्ट, क्लब आणि कंपन्यांचे सीएसआर विभाग

विषय : पायाच्या ब्रेसमधले अस्तर आणि पॅडिंग ठरवून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

मी नाशिकरोडला ऑर्थोटिस्ट म्हणून काम करतो. पायाचे माप घ्यायचे, पीओपीचा साचा काढायचा, त्यावर तापलेली पॉलिप्रोपिलीनची शीट ओढून ब्रेस बनवायची, हे माझे रोजचे काम. पण आमच्या वर्कशॉपमध्ये बनणाऱ्या ब्रेसच्या बरोबरीने बाहेरच्या ब्रेसही दुरुस्तीला येतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा शिबिरांत वाटलेल्या असतात. हे पत्र त्या ब्रेसबद्दल आहे.

शिबिरांवर माझा राग नाही, हे आधीच सांगतो. सुरगाण्याच्या किंवा पेठच्या पाड्यावरच्या माणसाने माप द्यायला एकदा, ट्रायलला एकदा आणि ब्रेस न्यायला एकदा नाशिकला यायचे म्हटले, तर बरोबरच्या माणसाचाही रोज बुडतो. तुम्ही तिथपर्यंत जाता, याचे मोल मला कळते. माझे म्हणणे ब्रेसच्या आत काय चिकटवलेले असते, एवढ्यापुरतेच आहे. मागणीही छोटी आहे: ब्रेसची ऑर्डर देताना अस्तराचा माल, जाडी आणि कडकपणा लिहून मागा, आणि ते अस्तर निदान एकदा बदलून देण्याचा खर्च त्याच ऑर्डरमध्ये धरा.

सध्या काय होते? कोटेशनवर लिहिलेले असते, ‘एएफओ, पॉलिप्रोपिलीन, अस्तरासह, इतके नग’. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एएफओ म्हणजे पोटरीपासून तळपायापर्यंतची ब्रेस. चवडा लुळा पडून घासत असेल किंवा सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची टाच टेकत नसेल तर ती देतात. मांडीपर्यंत जाणारी, गुडघ्याला लॉक असलेली ती केएएफओ, जिला आपल्याकडे सगळे कॅलिपरच म्हणतात.) प्लास्टिक किती मिलिमीटरचे, हे निदान एखादा तरी विचारतो. ‘अस्तरासह’ म्हणजे कशासह, हे विचारलेले मी पाहिले नाही. मग दर कमी करताना पहिली कात्री तिथेच लागते. बाहेरून तर चांगल्या अस्तराची आणि हलक्या अस्तराची, दोन्ही ब्रेस सारख्याच पांढऱ्या दिसतात.

आता नियमाचे बघा. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत एकदा साधन मिळाले की त्याच कारणासाठी पुन्हा मदत मिळायला तीन वर्षे थांबावे लागते. बारा वर्षांखालच्या मुलांना ही मर्यादा एक वर्षाची आहे. ज्या शिबिरांचा त्या योजनेशी संबंध नाही, तिथेही ‘यांना मागच्या वेळी दिले होते’ असे म्हणून नाव गाळले जातेच. मुलांच्या बाबतीत ठीक आहे, वर्षभरात पाय वाढतो आणि ब्रेस तशीही लहान होते. मोठ्या माणसाचे काय? चांगले पॉलिप्रोपिलीन तीन वर्षे आरामात निघते. आतला मऊ फोम रोजच्या वापरात तेवढा टिकत नाही, काही फोम तर काही महिन्यांतच बसतात. म्हणजे ब्रेस कागदोपत्री चालू असते आणि पायाला मात्र ती घालवत नाही.

हा मोठा माणूस कोण, तेही सांगतो. देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याचा. २७ मार्च २०१४ ला जागतिक आरोग्य संघटनेचे पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्रही मिळाले. त्यामुळे पोलिओचा विषय संपला, असे वाटणे साहजिक आहे. पण सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांना पोलिओ झाला ते आज चाळिशी-पन्नाशीत आहेत. वजन वाढलेले, खांदे काठीने दुखावलेले आणि पाय पूर्वीपेक्षा लवकर थकणारे. याच लोकांचे कॅलिपर दिवसभर अंगावर असते. त्यांच्यात भर म्हणजे पक्षाघातानंतर चवडा पडलेले आणि मधुमेहाने पाय बधीर झालेले. ही दुसरी रांग वाढतेच आहे.

एक ब्रेस जवळून दाखवतो. येवल्याचे एक पैठणी विणणारे काका शिबिरातून मिळालेली एएफओ घेऊन आले. खड्ड्यातल्या मागावर बसायचे, पाय खाली, चांगल्या पायाने मागाच्या पट्ट्या दाबायच्या आणि ब्रेसचा पाय बाजूला टेकवून ठेवायचा, असे त्यांचे काम. ब्रेसचा पाय बाहेरच्या घोट्यावर टेकलेला, तासन् तास. घोट्याच्या जागी रुपयापेक्षा थोडा मोठा फोमचा गोल चिकटवलेला होता. व्हर्नियर लावून मोजला. कडेला, जिथे काहीच भार येत नाही तिथे ६ मि.मी.; मधोमध, बरोबर हाडावर, दीडच्या आसपास. दाबून बघितले तर बोटाला थेट प्लास्टिक लागत होते. फोमची न दबलेली कड उभी राहिली होती आणि घोट्याभोवती तिचा अर्धगोल वळ उठला होता. काकांनी त्यावर जुन्या बनियनची घडी कोंबली होती, ती रोज बदलायचे. ‘पट्टा सैल ठेवला की बरं वाटतं,’ म्हणाले. पट्टा सैल ठेवला की टाच वर सरकते, ब्रेस पायावर फिरते आणि घासायला दुसरी जागा शोधते. ती जागाही त्यांनी दाखवली, टाचेच्या मागे.

यात फोम हलका होता हे खरे, पण तो चुकीच्या जागीही होता, आणि ही गोष्ट शिबिरवाल्यांनीच नव्हे तर आमच्या धंद्यातल्या मंडळींनीही ऐकावी. हाड टोचते म्हणून हाडावरच गादी लावायची, असे पटकन वाटते. ब्रेस साच्यावरून अगदी अंगाबरोबर बनवलेली असेल, तर आत नंतर चिकटवलेला ६ मि.मी.चा तुकडा जागा खातो. घट्ट बुटात वरून जाड मोजा चढवल्यासारखे होते: मऊपणा वाढत नाही, दाबच वाढतो, आणि तोही नेमका हाडावर. खरी रीत अशी की घोटा, नडगीची कड, पायाच्या बाहेरच्या बाजूला करंगळीच्या मागे असलेले हाड, आतल्या कमानीवरचा उंचवटा या जागांवर साच्यातच प्लास्टरची भर घालून प्लास्टिकला पोकळी द्यायची. किंवा शीट ओढण्याआधी फोम साच्यावर बसवायचा, म्हणजे त्याची जागा आधीच धरली जाते. आणि ब्रेस तयार झाल्यावर पॅड लावायचेच असेल तर हाडाच्या वरखाली, जिथे मांस आहे तिथे लावायचे, म्हणजे भार तिकडे जातो आणि हाड मोकळे राहते. हिशेब साधा आहे. ५ किलोचा भार २ चौरस सेंटिमीटरवर पडला तर दर चौरस सेंटिमीटरला अडीच किलो. तोच भार २० चौरस सेंटिमीटरवर पसरला तर पाव किलो. पॅडिंगचे काम भार पसरवणे हे आहे. फोम तळाला गेला की तो काही पसरवत नाही.

गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूला एक गाठीसारखे हाड लागते, त्याच्या मानेवरून चवडा उचलणारी नस जाते. ब्रेसची वरची कड किंवा पट्टा तिथे आला तर कितीही महागाचा फोम लावा, नस दबणारच. कड त्या हाडाच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली हवी. चवडा पडला म्हणून ब्रेस दिली आणि ब्रेसनेच ती नस दाबली, यासारखा उलटा कारभार नाही.

आता मालाचे. मी सांगतो ते लक्षात ठेवायची गरज नाही, पण कोटेशन देणारा काय म्हणतोय हे तुम्हाला कळावे एवढ्यासाठी.

सगळ्यात जास्त लागतो तो ईव्हीए, चपलांमध्ये असतो तोच. त्याचे छिद्र बंद असते, म्हणून घाम पीत नाही, ओल्या फडक्याने पुसता येतो, गरम करून वळवता येतो आणि सहज मिळतो. कडकपणा ‘शोअर ए’ या मापात सांगतात. आकडा लहान तितका माल मऊ. पायाला लागणारा थर २०-२५ चा, जरा आधार द्यायचा असेल तर ३५-४०, आणि टाचेखाली उतार किंवा उंची द्यायची असेल तर ५० च्या वर. मऊ ईव्हीए रोज त्याच जागी दाबला गेला की हळूहळू पातळ होतो, येवल्याच्या ब्रेसमध्ये झाला तसा. तरीही एकच माल निवडायचा असेल तर मी ईव्हीएच निवडीन, फक्त जाडी आणि आकडा सांगून.

दुसरा पॉलिथिलीनचा फोम. प्लास्टाझोट, पेलाइट अशा नावांनी मिळतो. वजनाला काहीच नाही, साधारण १४० अंशांना तापवला की पायाचा हुबेहूब आकार घेतो आणि कातडीला त्रास देत नाही. शिबिरात हाताने चाचपून बघणाऱ्याला हाच आवडतो. पण दाबाखाली सगळ्यात लवकर बसतो तोही हाच. एकट्याच्या भरवशावर तो लावू नये.

तिसरा पॉलियुरेथेनचा बारीक छिद्रांचा फोम, पोरॉन किंवा पीपीटी म्हणून ओळखतात. (सोफ्याचा स्पंजही पॉलियुरेथेनचाच असतो, पण दोघांचा संबंध आडनावापुरता. सोफ्याचा स्पंज ब्रेसमध्ये निघालेला मी पाहिला आहे, त्यावर काय बोलणार.) पोरॉन दाबला की परत वर येतो, महिनोन् महिने. गरम करून वळत नाही आणि छिद्रे उघडी असल्यामुळे घाम पितो, म्हणून तो कातडीला थेट न लावता मागे ठेवायचा. वर ३ मि.मी. प्लास्टाझोट किंवा मऊ ईव्हीए, खाली ३ मि.मी. पोरॉन. वरचा आकार घेतो, खालचा टिकतो. मधुमेहींच्या बुटातल्या तळांना ही जोडी जगभर वापरतात, ब्रेसच्या तळाला का नको?

चौथा आपल्या देशात रुळलेला एमसीआर, म्हणजे बारीक बुडबुड्यांचे रबर, १५ शोअरचे. सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमात ज्या चपला देतात त्या याच्याच. याचा धागा तामिळनाडूतल्या वेल्लोरला जातो. कुष्ठरुग्णांचे पाय झडतात ते मुख्यतः संवेदना गेल्यामुळे न कळणाऱ्या जखमांनी, हे शल्यविशारद डॉ. पॉल ब्रँड यांनी तिथल्या कामातून दाखवून दिले, आणि मग जखमच होऊ नये अशी चप्पल करण्यावर भर आला. एमसीआर जड आहे आणि वळत नाही, म्हणून घोट्याला उपयोगाचा नाही. पण ब्रेसच्या तळाला, पायाखाली, त्याला तोड नाही.

बाकीच्यांचे थोडक्यात. सिलिकॉन जेल कातडी ओढली जाण्यापासून वाचवते, पण जड, गरम आणि महाग. एखाद्या ठिकाणापुरते ठीक. नमद्याचे फेल्ट तात्पुरत्या दुरुस्तीला छान, घामात चार दिवसांत घट्ट होते. निओप्रीन काहींना सोसत नाही, त्यातल्या रबराच्या रसायनांनी खाज आणि पुरळ उठते. चिकटवायच्या सोल्यूशननेही उठू शकते, म्हणून कोणी ‘ब्रेस लावली की खाजतं’ म्हणाले तर त्याला ‘सवय होईल’ म्हणून परत पाठवू नका. आणि मेमरी फोम. हा सध्या सगळ्यांना हवा असतो, जाहिरातींमुळे. तो तापमानाप्रमाणे वागतो, थंडीत कडक होतो आणि उष्णतेत लोळागोळा. निफाडला जानेवारीत पारा पाच अंशांखाली उतरतो, पहाटे द्राक्षबागेत जाणाऱ्या माणसाच्या ब्रेसमध्ये तो फोम कामाचा राहत नाही. आणि मे महिन्यात त्याच बागेत दुपारी तो पार बसलेला असतो.

निफाडवरून आठवले. एका जिल्ह्याला एक अस्तर, हा विचारच आपल्याकडे लागू पडत नाही. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, येवला-नांदगावकडे त्याच्या पाव हिश्शानेही मुश्किलीने. घोटी, हरसूल, त्र्यंबककडचा माणूस आवणीच्या दिवसांत ब्रेस घालून चिखलात उतरतो. आपण सांगतो उतरू नको, तो उतरतो, कारण भात कोण लावणार? त्याला चामड्याचे अस्तर दिले तर श्रावणापर्यंत त्याला बुरशी येते आणि वाळले की ते तडकते. उघड्या छिद्रांचा फोम वर असला तर आठवडाभर वाळत नाही, आणि त्या कुबट वासाने घरातलेच ब्रेस बाहेर ठेवायला सांगतात. त्याला बंद छिद्रांचा माल, काढून धुता येईल असा, आणि पाणी निथळायला प्लास्टिकला दोन-चार भोके, एवढे पुरे. मालेगावला उलटे. यंत्रमागावर उभे राहून काम, पत्र्याचे छत, उन्हाळ्यात चाळिशीच्या वर. तिथे घाम हाच शत्रू. पोटरीच्या पट्ट्याला चामड्याचे किंवा जाळीदार कापडाचे आवरण तिथे शोभते, सबंध पोटरी फोमने मढवली तर घामोळे येते. आणि उन्हात पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ब्रेस ठेवली की सोल्यूशन सुटते, ईव्हीए आकसतो. हे ज्याला ब्रेस देता त्याला एका वाक्यात सांगा, मंचावर नको, माप घेतानाच.

आणखी एक गोष्ट, जी परदेशी पुस्तकात सापडणार नाही. एएफओ बुटात घालायची म्हणून बनते, तिचा कोन बुटाच्या टाचेच्या उंचीवर बसवलेला असतो. आपल्याकडे घरात चप्पल नाही, देवळात नाही, शाळेच्या वर्गातही बऱ्याच ठिकाणी नाही. म्हणजे निम्मा दिवस माणूस नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकवर चालतो, शहाबादी फरशीवर. घसरतो, किंवा घसरायच्या भीतीने ब्रेसच काढून ठेवतो. ब्रेसच्या खालच्या अंगाला एमसीआरचा पातळ तळ लावून द्या, आणि कोन ठरवताना तो माणूस बूट घालतो की अनवाणी असतो हे विचारा. पौष वारीला निवृत्तिनाथांच्या दर्शनाला कॅलिपर घालून त्र्यंबकेश्वरला येणारे वारकरी मी पाहिले आहेत. दर्शनबारीत त्यांच्या पायांत बूट नसतो.

मऊ म्हणजे चांगले, हे मात्र डोक्यातून काढा. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाचा पाय जोर करून चवड्यावर जातो. त्याला धरून ठेवायला ब्रेस तीन ठिकाणी ठामपणे टेकावी लागते. तिथे जाड, लिबलिबीत फोम भरला की पाय त्या फोममध्येच हवे तिकडे वळतो, ब्रेस नुसती बरोबर फिरते. टाचेखाली ६ मि.मी.ची गादी आईच्या समाधानासाठी लावली, तर १५ सेंटिमीटरच्या पायाला ती दोन अंशांहून जास्त फरक पाडते. नडगी पुढे झुकते, गुडघा वाकतो, आणि ब्रेस बुटात मावत नाही ते वेगळेच. अशा मुलाला पातळ, जरा कडक अस्तर आणि घोट्यावरून तिरका जाणारा रुंद, पॅड लावलेला पट्टा हवा. मऊपणा पट्ट्याला द्या.

ज्यांच्या पायाला स्पर्श कळत नाही त्यांच्याबाबत मात्र काटकसर अजिबात नको. मधुमेह, कुष्ठरोग, मणक्याचा जन्मजात दोष, काही पक्षाघात. त्यांची तक्रार येत नाही, कारण त्यांना दुखतच नाही. माप घ्यायच्या दिवशी १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने, म्हणजे त्या नायलॉनच्या धाग्याने, तळवा तपासायला काही मिनिटे लागतात. धागा वाकेपर्यंत टेकवूनही कळला नाही, तर त्या माणसाच्या ऑर्डरवर तशी खूण करा आणि त्याला दुहेरी थराचा तळ द्या. ब्रेस दिल्यावर पहिल्या दिवशी तासभर घालून काढायची आणि कातडी बघायची. उठलेली लाली वीस-तीस मिनिटांत गेली तर ठीक, राहिली तर ब्रेस परत आणायची. हे तळपाय बघण्याचे काम घरच्या माणसाला शिकवावे लागते, पेशंटला स्वतःला ते बहुतेक वेळा दिसतही नाही.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय प्रयोगशाळा उघडायची? नाही. पुरवठादाराकडून प्रत्येक फोमचा हातभर तुकडा मागवा. अंगठा आणि बोटात धरून दाबा. पलीकडचे बोट टोचले तर तो माल पातळ किंवा फार मऊ. मग १२ मि.मी. जाडीचा तुकडा दोन फळ्यांमध्ये ठेवून सुताराच्या क्लॅम्पने ६ मि.मी. पर्यंत दाबा आणि जवळजवळ एक दिवस तसाच राहू द्या. सोडून अर्ध्या तासाने मोजा. १०.८ पर्यंत परत आला तर १० टक्के बसला. नऊपर्यंतच आला तर पाव जाडी गेली, आणि हे एका दिवसात. प्रयोगशाळेतली रीतही अशीच असते, युरेथेन फोमसाठी तिथे तुकडा २२ तास ७० अंशांना ठेवतात. तुमच्या कमिटीतला अंबड-सातपूरमधला एखादा कारखानदार हे दुपारच्या चहापर्यंत सुरू करून देईल, त्याच्याकडे व्हर्नियरही असतो आणि शोअर मोजायचे यंत्रही असू शकते.

ऑर्डरमध्ये काय लिहायचे, त्याचा नमुना देतो. शब्द तुमचे वापरा: ‘पोटरीच्या भागात ३ मि.मी. बंद छिद्रांचा ईव्हीए, शोअर ए २५ च्या आसपास. तळाला दुहेरी थर किंवा ६ मि.मी. एमसीआर, त्याची जागा साच्यातच धरलेली. घोटा आणि इतर हाडांवर साच्यात भर घालून पोकळी दिलेली. अस्तर काढून धुता येईल असे. प्रत्येक ब्रेसबरोबर त्याच मापाचे अस्तर आणि पॅड कापलेला दुसरा संच, नाव लिहून. चार आठवड्यांनी तपासणी, आणि वर्षभरात एकदा अस्तर बदलून देणे, दरात धरलेले.’

यातला दुसरा संच मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ब्रेस बनवताना पॅटर्न हातातच असतो, शीट टेबलावर पसरलेली असते. त्याच वेळी आणखी एक संच कापायला जो माल लागतो तो ब्रेसच्या किमतीपुढे किरकोळ आहे. सहा-आठ महिन्यांनी माणसाने नाशिकला यायचीही गरज नाही. जुने खरवडून नवे चिकटवायला लागणारे सोल्यूशन तालुक्याच्या गावी चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्याकडे असते आणि चिकटवायचा हातही त्याचा आपल्यापेक्षा पक्का असतो. हाडाजवळचे पॅड कुठे लावायचे याच्या खुणा ब्रेसवर आतून पेनने करून द्या, म्हणजे झाले.

पैशाचे म्हणाल, तर महापालिका, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे आहेत. गावोगाव तो निधी कशावर खर्च करावा हा प्रश्नच असतो आणि शेवटी सगळ्यांना सरसकट काहीतरी वस्तू वाटली जाते. गावात चार ब्रेसवाले असतील तर त्यांचे अस्तर वर्षातून एकदा त्यातून बदलावे, असा ठराव करायला सरपंचांना तुम्ही सुचवू शकता. माझ्यासारख्याचे ते ऐकत नाहीत, तुमचे ऐकतील. पुढच्या सिंहस्थाच्या निमित्ताने शिबिरे वाढणारच आहेत, तेव्हा ऑर्डरी निघण्याआधी हे झालेले बरे.

नगांची संख्या कमी होईल, ही भीती मला माहीत आहे. बॅनरवर ‘२०० ब्रेस वाटप’ लिहायचे की ‘१७०’, यावर बैठकीत वाद होतो. माझे स्पष्ट मत १७० च्या बाजूने आहे. पलंगाखाली पडलेल्या ब्रेसचा हिशेब कोणी ठेवत नाही, म्हणून २०० हा आकडा मोठा वाटतो. एकदा मागच्या वर्षीच्या यादीतल्या लोकांना फोन लावून विचारा, ब्रेस आज पायात आहे का, आणि नसेल तर कुठे लागते. उत्तरे लिहून पुरवठादाराला पाठवा. पुढचे कोटेशन आपोआप बदलून येईल.

माल बघण्यासाठी, नमुने दाबून दाखवण्यासाठी किंवा मापाच्या दिवशी हाताशी म्हणून मी यायला तयार आहे, मानधनाचा प्रश्न नाही. रविवार सोडून कधीही सांगा. रविवारी वर्कशॉपमध्ये दुरुस्तीवाल्यांची गर्दी असते.

कळावे, लोभ असावा.

आपला,
नाशिकरोडचा एक ऑर्थोटिस्ट

ता. क. : ब्रेसबरोबर गुडघ्यापर्यंतचे सुती मोजे द्या, दोन जोड, आतून शिवण नसलेले. खेड्यात मोजे कोणी वापरत नाही, त्यामुळे नव्या ब्रेसचे प्लास्टिक आणि फोम थेट कातडीवर येतात आणि पहिल्याच आठवड्यात फोड येतो. केएएफओ असेल तर मोजा मांडीपर्यंत लागतो, तो बाजारात सहज मिळत नाही. होजिअरीवाल्याकडून नळीसारखे सुती कापड घेऊन कापले तरी चालते.